भांडणाची भाषा

भावेशने खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकली, विकीला उचलून तिच्यावर बसवलं, गळ्याभोवती निळं कापड गुंडाळलं आणि आरशातल्या विकीकडे बघत विचारलं, "नाम शुं छे, बेटा?" सामरवरणीतल्या या दुकानात फळीवर बसणाऱ्या प्रत्येक पोराला तो हेच विचारायचा आणि उत्तर यायच्या आत कात्री उचलायचा. त्यात लावून घेण्यासारखं काही नव्हतं. तरी विकीच्या बापाला, सुकदेवला, राहवलं नाही. "विकी," तोच घाईघाईने म्हणाला. भावेश हसला. "तमने नथी पूछ्युं, भाई. इसको बोलने दो ना." त्यावर सुकदेवच्या तोंडून निघून गेलं, "तो अजून बोलत नाही." म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. आजवर बाहेरच्या माणसाजवळ हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि बोलला तर हे असं, सलूनमध्ये, भिंतीला टेकून पेपर वाचत बसलेल्या फॅक्टरीतल्या नाईकसाहेबांच्या देखत. त्यातही 'अजून' हा शब्द त्याला खटकला. अजून बोलत नाही म्हणजे जो कधी बोललाच नाही, ज्याची अजून वाट बघायची आहे, असं तान्हं. विकी चार वर्षांचा घोडा होता आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत साऱ्या चाळीत त्याच्याइतकं कोणी बोलत नव्हतं. पण खरं काय ते सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची, हे सुकदेवला उमजेना. तो आता बोलत नाही, असं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नव्हतं. तो आईशी, प्रमिलेशी, बोलत होता. थोडं, एकेक शब्द, पण बोलत होता. बापाशी बोलत नव्हता.

भावेशने मान हलवली आणि पाण्याचा फवारा विकीच्या डोक्यावर मारला. विकीने डोळे मिटले. आज पोराला घेऊन यायचं प्रमिलेने ठरवलं होतं. सकाळी कणीक मळता मळता तिने फर्मान काढलं, "तुम्हीच ली जा त्याले. डोळावर केस उनात, दखा." सुकदेव म्हणाला, तू चल ना बरोबर. तर तिने नुसतं बघितलं. तिच्या या बघण्याला सुकदेव लग्नापासून वचकून होता, आणि मनातल्या मनात त्याला ते फार आवडतही असे. ती बघते तेव्हा समोरच्याला आपण कुठे पळत होतो ते कळतं. सुट्टीचा दिवस होता, खडोलीची फॅक्टरी बंद होती, सबब सांगायला काही उरलं नव्हतं. गल्लीतून येताना विकीने त्याचं बोट धरलं होतं उजव्या हाताने. डावा हात गेल्या हिवाळ्यातल्या दुखण्यापासून मिटलेलाच असायचा. दोघेही वाटेत एक अवाक्षर बोलले नव्हते.

एके काळी याच वाटेने जायचं म्हणजे वरात असायची. चाळीची मालकीण गुजराती, शेजारचा लखन बिहारचा, वरच्या खोलीतलं बिऱ्हाड ओरिसाचं, नळाच्या पलीकडे वारल्यांची घरं. विकीने ज्याच्याकडे जे सापडलं ते उचललं होतं. मालकिणीला 'केम छो मासी', लखनला 'का हो चाचा', वरच्या बाईला तिच्याच भाषेत भात मागायचा आणि मिळवायचा. चाळीत त्याला सगळे दुभाष्या म्हणत. दोन बायकांचं पाण्यावरून वाजलं आणि एकीला दुसरीचं कळेनासं झालं की हा मध्ये उभा राहून हिचं तिला सांगायचा, आणि शिव्या तेवढ्या दोघींच्याही पाठ करून घरी यायचा. सुकदेवचा ऊर भरून यायचा. घरात नियम त्यानेच केला होता: पोराशी अहिराणी बोलायची नाही. शिरपूरहून तो पहिल्यांदा इथे कामाला आला, तेव्हा डिस्पॅचच्या ऑफिसात त्याने सांगितलं होतं, "माल तयार शे, साहेब." तर टेबलामागचे हे नाईकसाहेब, सावंतवाडीकडचे, बोलण्यात अगदी तोलूनमापून, खो खो हसले होते. "शे? शे म्हणजे काय रे?" वाईट मनाने नव्हे. माणूस चांगला होता, विकीच्या दुखण्यात रजेचं त्यांनीच सांभाळून घेतलं. पण पुढे किती तरी दिवस सुकदेव दिसला की सगळे 'काय, आज शे का?' म्हणून विचारायचे. तेव्हापासून सुकदेव 'आहे' म्हणायला शिकला. बोलण्याआधी मनात एकदा घोकायचं आणि मग बोलायचं, ही त्याला सवयच लागली. आपल्या पोरावर ही पाळी येऊ द्यायची नाही, एवढं त्याने पक्कं केलं होतं. प्रमिला यावर कधी वाद घालत नसे. फक्त न्हाऊ घालताना, डोळ्यांत साबण गेला की तिच्या तोंडून आपसूक जे यायचं ते यायचंच.

"सीधा देखो, हीरो," भावेश म्हणाला. कात्रीची टकटक कानाजवळून गेली तशी विकीने मान आखडून घेतली. आरशात सुकदेवला त्याचे डोळे दिसत होते. डोळे शाबूत होते. डोळ्यांत ओळख होती. हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे, हे सुकदेव स्वतःला रोज बजावत असे.

सर्दी-ताप तेव्हा साऱ्या चाळीतच होता. लखनची पोरगी तापली, वरची दोघं तापली, बरी झाली, खेळायला लागली. विकीही तापला. दवाखान्यातून औषध आणलं, प्रमिला ओली पट्टी बदलत राहिली, नाक गळत होतं, खोकला होता, सगळं नेहमीचंच. रात्रपाळी करून सुकदेव घरी आला तर विकी गादीवर उठून बसला होता आणि बोलत होता. भिंतीकडे तोंड करून, भराभर, हातवारे करत. सुकदेवला बरं वाटलं. पोरगा बोलतोय म्हणजे ताप उतरला. त्याने कान दिला. मराठी नव्हतं ते. हिंदी नव्हतं, गुजराती तर नव्हतंच. चढउतार मात्र पक्के, वाक्यामागून वाक्य, कोणीतरी तावातावाने हकीकत सांगावी तसं. सुकदेव हसला. याने आता आणखी कोणाची भाषा उचलली बुवा? वरच्यांची? की पलीकडे नवीन राहायला आलेत ते बंगाली? आता कुणी म्हणेल, हे काय हसण्यासारखं आहे. पण ज्या घरात पोरगं रोज एक नवा शब्द उचलून आणतं, त्या घरातल्या बापाला दुसरं काय वाटणार? दुसऱ्या कुठल्या गावात एकच भाषा बोलणाऱ्या घरात असं झालं असतं, तर बाप दचकून किंचाळला असता. सुकदेवने कौतुकाने मोबाइल काढला, चित्रण केलं आणि लखनला पाठवलं: ये कौन सी भाषा है, पहचानो.

लखनचं उत्तर यायच्या आत नळावरून प्रमिला आली. कळशी खाली ठेवायचीही ती विसरली. दारात उभी राहून ती ऐकत होती. "बघ ना," सुकदेव म्हणाला, "कुठून शिकून आलाय." प्रमिला म्हणाली, "हाई बोलनं नही शे." आणि मग, कळशी कमरेवर तशीच असताना, "तो कोनासंगे बोली रायना?" कोणाशी बोलतोय? सुकदेवच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. तो भाषा ओळखत बसला होता. विकी कुठल्याही भाषेत बोलो, बोलताना समोरच्याचा पदर ओढायचा, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचा. आज त्याच्यासमोर भिंत होती आणि त्याला भिंतही दिसत नव्हती. प्रमिलेने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "विक्या, मनाकडे दख." विकी तिच्या आरपार बघत बोलत राहिला. तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. पोराला शालीत गुंडाळून ती चपला न घालता रस्त्यावर होती, आणि सुकदेव बटवा शोधत होता. रिक्षात विकीला पहिला झटका आला.

या सगळ्यात प्रमिलेला धाय मोकलून रडायला वेळच मिळाला नाही. हॉस्पिटलात डॉक्टर रूपालीताईंनी त्या दोघांना समोर बसवून सांगितलं. हा फ्लू आहे, त्या म्हणाल्या, सगळ्यांना होतो तोच. पण एखाद्याच लहान मुलात, फार क्वचित, त्या विषाणूशी झगडताना शरीर इतकं खवळतं की मेंदूलाच सूज येते. ताप आल्यावर एकदोन दिवसांत मूल असंबद्ध बोलायला लागतं, झटके येतात, शुद्ध हरपते. कोणाला होईल ते सांगता येत नाही. सुकदेवने मोबाइल पुढे केला. बाईंनी ते चित्रण शेवटपर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, बरं झालं काढलंत, यावरून खूप कळतं. ज्या गोष्टीने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिचा असाही काही उपयोग झाला, याचं काय करावं हे त्याला समजलं नाही. प्रमिलेने मात्र विचारलं, "वाचीन का?" बाई म्हणाल्या, प्रयत्न करतोय. "वाचना तर बोलीन का?" बाई म्हणाल्या, ते आत्ताच सांगता येणार नाही. प्रमिला म्हणाली, "बरं. आधी वाचू द्या. बोलाचं मी पाहीन." जशी काही वाटणीच करून टाकली तिने, हे तुमचं काम आणि हे माझं. काचेपलीकडे पोराच्या तोंडात नळी होती, छातीवर तारा होत्या, यंत्रं टूं टूं करत होती. सुकदेव बाहेरच्या बाकावर नुसता बसून असायचा. ती मात्र आत सोडतील तेवढा वेळ पोराच्या कानाशी वाकून बोलत उभी असायची. काय बोलायची? गावच्या म्हशीचं, मामाच्या लग्नाचं, बोरं चोरताना कुत्रा मागे लागला त्याचं. सगळं अहिराणीत. नियम केव्हाच गळून पडला होता, आणि त्याची आठवण करून द्यायची सुकदेवची छाती नव्हती.

पोरगा वाचला. नळी निघाली, डोळे उघडले, मान धरायला शिकला, मग बसायला, मग भिंत धरून चालायला. दुभाष्या मात्र परत आला नाही. तोंड उघडायचा आणि आतून काही यायचंच नाही. तेव्हा हॉस्पिटलातल्या मंजुषाताईंकडे त्यांना पाठवलं. बोलणं शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांनी चाळीची सगळी कथा ऐकली, हसल्या आणि म्हणाल्या, काही दिवस या बाळाच्या कानावर एकच भाषा पडू द्या, थकलेल्या डोक्याला एकच वाट पुरे. सुकदेव लगेच म्हणाला, "मराठी." मंजुषाताईंनी विचारलं, "घरात भांडता कोणत्या भाषेत?" सुकदेवने प्रमिलेकडे पाहिलं, प्रमिलेने सुकदेवकडे, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती पदराआड खुदकन हसली. "अहिराणीमां," ती म्हणाली. "मग तीच," मंजुषाताई म्हणाल्या. "जी विचार न करता येते ती."

तेव्हापासून प्रमिलेने जे चालवलं होतं ते बघताना सुकदेवचे डोळे दिपून जात. तिने पोराला शिकवलं असं म्हणता येणार नाही. ती त्याच्याशी भांडली. भाकरीचा तुकडा पुढे धरायची आणि म्हणायची, नको? बरं, मीच खास. आणि खरोखर खायची. पाणी हवं तर बोटाने दाखवून चालणार नाही. विकी चिडायचा, लाथ मारायचा, रडायचा, तीही त्याच्यासमोर फतकल मारून बसायची, म्हणायची, मना पोऱ्या, मीबी काही कमी नही शे. आणि एके दिवशी रागाने लालबुंद होऊन विकी ओरडला, "दे!" प्रमिलेने पाणी दिलं, पातेलं घासायला घेतलं, आणि घासता घासता तिच्या गालांवरून धारा लागल्या. त्यावरही ती थांबली नाही. चाळीत दारोदार जाऊन आयांना सांगत फिरली: फ्लूची लस डॉक्टरला विचारून पोरांना टोचून घ्या, आणि तापात लेकरू उलटंसुलटं बोलायला लागलं तर हसू नका, उचला आणि पळा. हसू नका, हे ती कोणाला टोचून बोलत नव्हती. तिच्या मनात तसं असतं तर तिने तोंडावर सांगितलं असतं. तरी ते वाक्य शेजारच्या दारातून ऐकू आलं की सुकदेव घरात मान खाली घालून बसे. तो स्वतः पोराशी बोलेनासा झाला होता. कानावरचा विश्वास उडाला होता त्याचा. घोकून घोकून केलेलं मराठी विकीच्या अंगावरून ओघळून जायचं, विकी वळूनही बघायचा नाही. आणि अहिराणी त्याच्या घशापर्यंत यायची नि तिथे 'शे म्हणजे काय रे' हे हसू आडवं पडायचं. मग तो बोलायच्या ऐवजी वस्तू आणायचा. वासोण्याच्या सफारीतल्या सिंहांची चित्रं, चावीची गाडी, फुगे. पोरगा वस्तू घ्यायचा आणि आईकडे जायचा. हा आपल्याला आता कधी हाक मारणारच नाही, ही भीती सुकदेवने कोणाला सांगितली नव्हती. पण प्रमिलेला ती कळली असणार. नाही तर आज सकाळी तिने असं बघितलं नसतं.

"बस, पाछळथी मशीन मारी दउं, एटले पूरुं," भावेश म्हणाला. मागून मशीन फिरवलं की झालं. त्याने खटका दाबला. टूं असा बारीक आवाज सुरू झाला आणि विकीचं सगळं अंग लाकडासारखं झालं. सुकदेवला आधी कळलं नाही, मग एकदम कळलं. काचेपलीकडची यंत्रं. विकीने उजव्या हाताने खुर्चीचा हात आवळून धरला, डोळे विस्फारले, श्वास वर वर जायला लागला. सुकदेवच्या डोळ्यांसमोर रिक्षा आली. झटका? इथे, या फळीवर, प्रमिला नसताना? "नीचे देख, बेटा, नीचे," भावेश म्हणत होता. "माथुं नीचे." नाईकसाहेबांनी पेपर बाजूला केला. "अरे, घाबरला वाटतं. बाळा, काही नाही हं, काही होत नाही," ते मायेने म्हणाले. सुकदेव पुढे झाला. "विकी, मान खाली कर. घाबरू नकोस," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं की हे फॅक्टरीतल्या भोंग्यावरून सूचना दिल्यासारखं आहे. विकीने ऐकलंच नाही. तीन माणसं तीन भाषांत एका पोराला तेच सांगत होती आणि पोरगा एकटाच होता. सुकदेवला असा राग आला, स्वतःचा, भावेशच्या मशीनचा, या सगळ्या शहाणपणाचा, की त्या रागात घोकायचं राहूनच गेलं.

"ओ विक्या! मान खाले कर ना रे! काय खाई टाकी का ते तुले? काहीच नही व्हत!"

आरशात नाईकसाहेब त्याच्याकडे बघत होते. बघू दे. हसायचं तर हसू दे. विकीचा श्वास एकदम अडखळला आणि त्याने आवाजाच्या दिशेने डोळे वळवले. आरशात नाही, सरळ बापाकडे. ओळख तर त्या डोळ्यांत आधीपासूनच होती. आता त्यात आणखी काही आलं, कपाळाला आठी पडली, ओठ पुढे आले. पाणी न देणाऱ्या आईकडे तो असा बघायचा. मग त्याने मान खाली घातली. भावेशने मशीन मानेला लावलं. खाली वाकलेल्या पोराला आता आरसाही दिसत नव्हता आणि बापही नाही, म्हणून सुकदेव कापलेल्या केसांत गुडघे टेकून खुर्चीसमोर बसला आणि खालून त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. निळ्या कापडाखालून उजवा हात बाहेर आला, चाचपडत, आणि सुकदेवची हनुवटी त्याने घट्ट धरली.

"पप्पा," विकी म्हणाला. जड जिभेने, पण थेट आईच्या दरडावणीच्या सुरात. "कथा गयथा?"

कुठे गेला होतास. वर नाईकसाहेब काहीतरी विचारत होते, काय म्हणाला हो मुलगा, आणि भावेशने मशीन थांबवलं होतं. पोराची पकड सैल होत नव्हती. पोरगा रागावला होता आणि उत्तराची वाट बघत होता.

"उनू," सुकदेव म्हणाला. आलो. "उनू मी, बेटा."